अंगणात पाणी का साचतं आणि ते कसं काढायचं

मागच्या भागात आपण गच्चीच्या गळतीवर बोललो. त्यानंतर बडोदा, बेळगाव, हैदराबाद, इंदूर अशा चहूकडून एकच विचारणा आली: गच्ची झाली, आता अंगणाचं सांगा. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी डबकं हटत नाही, भिंतीला खालून ओल चढते, फाटकापाशी घोटाभर चिखल असतो. तेव्हा आज अंगणाचं पाणी.

मी स्थापत्य अभियंता नाही. बत्तीस वर्षं पायदळात काढली, आणि पायदळातल्या माणसाला पाणी चांगलंच कळतं. पावसाळ्यात तंबू ठोकला की पहिलं काम म्हणजे भोवती चर खणायचा. मोर्चा खणला की तळाला एका बाजूला उतार द्यायचा आणि टोकाला छोटा खड्डा ठेवायचा, म्हणजे पाणी तिथे गोळा होतं आणि पायाखालची जागा कोरडी राहते. निवृत्तीनंतर महूला घर बांधलं तेव्हा कामी आलं ते हेच ज्ञान. बाकीचं गवंड्यांकडून शिकलो.

साचलेलं पाणी नुसतं दिसायला वाईट नसतं

काही जण म्हणतात, अंगणात पाणी साचलं तर काय बिघडलं, चार दिवसांत आटेल. तीन गोष्टी बिघडतात.

पहिली, जोतं. भिंतीलगत पाणी उभं राहिलं की विटा ते ओढून घेतात. मग गिलाव्याला फुगे येतात, पांढरा लोणा फुटतो. दरवर्षी रंग लावला तरी दिवाळीपर्यंत पोपडे निघतातच. रंगवाल्याचा त्यात दोष नाही, पाणी खालून येतंय.

दुसरी, पाया. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. माळवा, विदर्भ, मराठवाडा, बडोद्याच्या आसपासचा बराच भाग, सगळीकडे ही माती आहे. घराच्या एका कोपऱ्यात पाणी साचतं आणि दुसरा कोपरा कोरडा राहतो, म्हणजे एका बाजूचा पाया वर ढकलला जातो आणि दुसरी बाजू तिथेच राहते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा जातात त्या बहुतेक वेळा यामुळे. ओल सगळीकडे सारखी असेल तर इमारत सोसते, असमान ओल तिला सोसत नाही.

तिसरी, डास. डेंग्यूचा डास साठलेल्या पाण्यात अंड्यापासून पूर्ण डास व्हायला आठ-दहा दिवस घेतो. म्हणजे आठवडाभर टिकणारं डबकं हा त्याचा कारखाना. कुंडीखालची बशी आणि टाकून दिलेला टायरसुद्धा यातच आले.

आधी रेकी, मग फावडं

फौजेत जागा पाहिल्याशिवाय कोणी चाल करत नाही. अंगणाचंही तसंच. जोराचा पाऊस पडत असताना छत्री घ्या, बाहेर पडा आणि अर्धा तास घराभोवती फिरा. कडाडत असेल तर मात्र व्हरांड्यातूनच पाहा. कोरड्या दिवशी अंगण पाहून पाण्याचा अंदाज बांधणारे फसतात. कागदावर घराचा चौकोन काढा आणि चार गोष्टी टिपा.

पाणी येतं कुठून? छपरावरून, रस्त्यावरून, शेजारच्या उंच प्लॉटवरून, की जमिनीतूनच पाझरतंय? साचतं कुठे? थांबतं किती वेळ? आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं: त्याला बाहेर जायला जागा कुठे आहे? प्लॉटमधली सगळ्यात खालची जागा कोणती आणि तिथून पुढे नाला, पालिकेचं पावसाळी गटार, मोकळी जमीन, काय आहे? या चौथ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर कितीही चर खणा, पाणी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाईल इतकंच.

आता थोडा हिशोब. 1,000 चौरस फुटांच्या छपरावर एक इंच, म्हणजे 25 मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण 2,300 लिटर पाणी होतं. आमच्या इंदूर-महू भागात वर्षाला 900 मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरला तरी एका छपरावरून 80,000 लिटरच्या वर पाणी उतरतं. हे सगळं पाणी दोन-तीन पाइपांतून भिंतीच्या बुडाशी सोडायचं आणि मग ओल का आली म्हणून विचारायचं, याला काय म्हणावं?

माती काय म्हणते

एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा घ्या. पाण्याने भरा आणि पूर्ण जिरू द्या. मग पुन्हा भरा आणि पट्टी उभी धरून तासाला किती उतरतं ते मोजा. तासाला एक इंच किंवा जास्त उतरलं तर जमीन पाणी पिते. अर्ध्या इंचाहून कमी असेल तर जिरवण्यावर विसंबू नका, पाणी वाहून न्यायचाच विचार करा.

काळ्या मातीवाल्यांसाठी खास सूचना. ही परीक्षा मे महिन्यात घेऊ नका. उन्हाळ्यात या मातीला हात जाईल एवढ्या भेगा असतात. पाणी भेगांतून निघून जातं आणि तुम्हाला वाटतं, वा, काय छान जिरतंय. पहिले दोन-तीन पाऊस पडून भेगा मिटल्या की मग घ्या, खरं उत्तर तेव्हा मिळेल. बेळगाव, कोकण, गोव्याकडे जांभ्याच्या जमिनीत पाणी बऱ्यापैकी जिरतं, पण तिथला पाऊसच एवढा की जमीन काठोकाठ भरते आणि पुढचं पाणी वरून धावतं.

आणखी एक. चिकण माती मोकळी करायची म्हणून त्यात थोडी वाळू मिसळायचा सल्ला पुष्कळ जण देतात. थोड्या वाळूने ती विटेसारखी घट्ट होते. बागेपुरती माती सुधारायची तर शेणखत, पालापाचोळ्याचं खत घाला.

पहिलं काम: छपराचं पाणी

सगळ्यात कमी खर्चाचं आणि सगळ्यात जास्त फायद्याचं काम हेच. पावसाळी पाइप जिथे जमिनीवर येतो तिथे त्याला बाक जोडा आणि आडवा पाइप लावून पाणी भिंतीपासून किमान सहा, शक्यतो दहा फूट लांब नेऊन सोडा. जिथे पडेल तिथे फरशीचा तुकडा किंवा दगड ठेवा, नाहीतर खड्डा पडतो. कौलारू किंवा पत्र्याचं छप्पर असेल तर पागोळ्या थेट भिंतीच्या बुडाशी पडू देऊ नका, पन्हळ लावा. टाकी भरायची सोय असेल तर आधी टाकीत घ्या आणि टाकी भरल्यावर वाहणारं पाणी लांब न्या. निम्म्या घरांचा प्रश्न इथेच सुटतो. हे करून एक जोराचा पाऊस जाऊ द्या, पुन्हा पाहा आणि मगच पुढचा खर्च काढा.

दुसरं काम: उतार

घरालगतची जमीन घरापासून बाहेर उतरती हवी. मातीच्या अंगणात पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार चांगला. फरशी किंवा कोबा असेल तर दहा फुटांत अडीच इंच पुरतात, कारण गुळगुळीत पृष्ठभागावर पाणी अडत नाही.

डोळ्याने उतार कळत नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी आणा, तीसेक फुटांची. पाणी भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका. एक टोक भिंतीशी, दुसरं दहा फुटांवर धरा. दोन्ही टोकांतलं पाणी एका पातळीत येतं. आता दोन्हीकडे पाण्याच्या पातळीपासून जमिनीपर्यंत मोजा. भिंतीशी 30 इंच आणि तिकडे 36 आले तर सहा इंच उतार आहे, उत्तम. तिकडे 28 आले तर जमीन घराकडे उतरते आहे आणि तुमचं अंगण पाणी घरात पाठवतंय.

भराव टाकताना दोन पथ्यं. भिंतीला टेकवून जोत्याच्या वरपर्यंत माती चढवू नका. जोत्याची वरची कड मातीच्या किमान सहा इंच वर दिसत राहिली पाहिजे. आणि भिंतीलगत वाळूचा भराव टाकू नका. खाली काळी माती, वर वाळू म्हणजे भांड्यात पाणी भरून ठेवल्यासारखं होतं. वरून कोरडं दिसतं आणि खाली पाया भिजत राहतो. घट्ट बसणारा मुरूम किंवा माती थराथराने टाका, थोडं पाणी मारा, धुम्मसने ठोका.

घराभोवती अडीच-तीन फूट रुंद, बाहेर उतरता कोबा करून घेतला तर फार चांगलं. काळ्या मातीत तो आणखी रुंद ठेवा. भिंत आणि कोबा यांच्या सांध्यात डांबर किंवा सांधा भरायचा मसाला भरा, नाहीतर सगळं पाणी त्याच फटीतून खाली जातं.

तिसरं काम: चर

उतार दिला, आता पाणी कुठून तरी जायला हवं. सगळ्यात सोपा आणि मला सगळ्यात आवडणारा उपाय म्हणजे उथळ, रुंद, हिरवळ लावलेला चर. दोन-तीन फूट रुंद, मध्ये पाच-सहा इंच खोल, बशीसारखा. तो तुंबत नाही, तुंबला तर दिसतो, आणि साफ करायला खराटा पुरतो.

जागा नसेल किंवा पाणी जमिनीतूनच झिरपत असेल तर खडीचा झाकलेला चर करतात. त्याला फ्रेंच ड्रेन म्हणतात. नाव ऐकून वाटतं की फ्रान्सचा शोध असेल, पण तसं नाही. हेन्री फ्लॅग फ्रेंच नावाचे अमेरिकेतले वकील आणि न्यायाधीश शेतीही करत. त्यांनी 1859 साली शेतातल्या पाण्याच्या निचऱ्यावर एक पुस्तक लिहिलं, त्यांच्या आडनावावरून हे नाव पडलं.

करायचा असा. एक फूट रुंद, दीड ते दोन फूट खोल चर खणा. तळाला दर आठ फुटांमागे एक इंच उतार द्या. आत जिओटेक्स्टाईल कापड असं अंथरा की दोन्ही कडांना वर उरलं पाहिजे. त्यावर दोन इंच धुतलेली खडी, 20 ते 40 मिलिमीटरची. मग चार इंची भोकांचा पाइप, भोकं खालच्या बाजूला. इथे बरेच कारागीर वाद घालतात की भोकं वर हवीत. पाणी चरात खालून वर चढतं, त्यामुळे भोकं खाली असली की लवकर पाइपात शिरतं आणि माती कमी येते. पाइपावर खडी, वरून कापड गुंडाळायचं, त्यावर पुन्हा थोडी खडी किंवा माती. कापड वगळलं की दोन-तीन पावसाळ्यांत खडीत माती भरते आणि सगळं काम पुन्हा उकरावं लागतं. पाइपाच्या वळणावर एक छोटं चेंबर ठेवा, म्हणजे साफ करता येतं. आणि पाइपाचं खालचं तोंड मोकळ्या जागी निघालं पाहिजे. तोंड नसलेला चर म्हणजे लांबट डबकं.

काळ्या मातीत हा चर पायाला चिकटून घेऊ नका, पाच-सहा फूट लांब ठेवा.

शोषखड्ड्याचा हिशोब

"एक शोषखड्डा मारून टाका, साहेब," असं प्रत्येक ठेकेदार म्हणतो. चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घेतला तर रिकाम्यात तो 1,800 लिटरचा. त्यात दगड-खडी भरली की पाण्याला राहते ती दगडांमधली पोकळी, साधारण चाळीस टक्के, म्हणजे 725 लिटर. आपलं छपराचं पाणी एका इंचाच्या पावसात 2,300 लिटर. मग उरलेलं कुठे जाणार? जमीन पिणारी असेल तर शोषखड्डा सोन्यासारखा आहे, विहिरीला आणि बोअरला पाणी वाढतं. चिकण मातीत तो एकदा भरला की भरलेलाच राहतो. काळ्या मातीखाली मुरमाचा थर किती खोल आहे ते आधी पाहा. खड्डा मुरमापर्यंत पोचत असेल तरच करा. घरापासून किमान दहा-पंधरा फूट लांब करा आणि भरल्यावर पाणी बाहेर पडायला वाट ठेवाच.

पावसाचा शोषखड्डा आणि संडासाच्या टाकीचा शोषखड्डा एक करू नका. टाकीचं पाणी जिरवण्याची जागा विहिरीपासून किमान 18 मीटर आणि राहत्या घरापासून 6 मीटर लांब असावी. आणि टाकी तुंबली तर कोणालाही आत उतरवू नका, दोन मिनिटांसाठीही नाही. आतल्या वायूने माणूस हाक मारायच्या आत पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय असं उतरवणं गुन्हा आहे. यंत्राची गाडी बोलवा.

रस्ता उंच, घर खाली

हे दुखणं आता प्रत्येक शहरात आहे. जुना थर न खरवडता रस्त्यावर थरावर थर चढतो आणि वीस वर्षांत घर खड्ड्यात जातं. फाटकाच्या आत आडवा चर घ्या, वर लोखंडी जाळी टाका आणि त्याचं पाणी बाजूच्या गटारात न्या. फाटकाखाली चार-सहा इंचांचा उतरता उंचवटा करा, म्हणजे रस्त्याचं पाणी आत येत नाही आणि गाडीही चढते. घरातून बाहेर जाणाऱ्या सांडपाण्याच्या पाइपावर एकाच दिशेने उघडणारी झडप बसवा, नाहीतर मोठ्या पावसात गटाराचं पाणी न्हाणीघरात उगवतं. यातून काहीच जमत नसेल तर शेवटचा उपाय म्हणजे खड्डा आणि आपोआप चालू होणारा पंप. त्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी असल्याशिवाय पंपाला हात लावू नका. पावसाचं पाणी मैलागटारात मात्र सोडू नका. गल्लीत खाली राहणाऱ्याच्या घरात ते वर येतं.

शेजारी

आता सगळ्यात अवघड भाग. आमच्या भागात एक निवृत्त सुभेदार साहेब आहेत, त्यांच्या खालच्या बाजूला एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. वर्षानुवर्षं सुभेदार साहेबांच्या अंगणातलं पाणी उतारावरून त्यांच्या परसातून नाल्याला जायचं. त्यांनी पाच फुटांची पक्की कुंपणभिंत बांधली, खाली एकही भोक न ठेवता. पहिल्याच पावसाळ्यात सुभेदार साहेबांकडे गुडघाभर पाणी. बोलाचाली झाली. दोघांच्या घरच्या बायकांचं हळदीकुंकू बंद झालं. दोन वर्षांनी मला बोलावलं ते वकिलाचा पत्ता विचारायला.

मी आधी भिंत पाहिली. ती खालच्या बाजूला बोटभर झुकली होती, वर लांब भेग. भिंतीमागे पाणी आणि भिजलेली माती साठली की तिचा रेटा कोरड्या मातीपेक्षा कितीतरी जास्त असतो. कुंपणाची एक विटेची भिंत त्यासाठी बांधलेली नसते. आणि त्या भिंतीच्या पलीकडे बँकवाल्या साहेबांच्या नातीचा झोपाळा होता.

मी दोघांना भिंतीपाशी उभं केलं, वर ओळंबा धरला आणि काही बोललो नाही. ओळंबा सगळं सांगत होता. झोपाळा त्याच संध्याकाळी हलला. पुढच्या आठवड्यात भिंतीचा झुकलेला भाग उतरवला, नवीन भिंतीत दर पाच-सहा फुटांवर तळाशी तीन इंची पाइप टाकले, मागे खडी भरली. खालच्या बाजूने दोघांनी निम्मा-निम्मा खर्च करून एक पक्का चर नाल्यापर्यंत नेला. दोन मजुरांचं चार दिवसांचं काम. वकिलाची पायरी चढावी लागली नाही.

कायदा मात्र माहीत असावा. 1882 च्या भारतीय सुखाधिकार कायद्याच्या कलम 7 मध्ये उदाहरणच दिलं आहे: वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी नैसर्गिकपणे खालच्या जमिनीवर वाहत जाऊ देण्याचा हक्क वरच्या मालकाला आहे. याचा अर्थ खालच्याने बांध घालून ते अडवणं बरोबर नाही. पण शब्द आहे "नैसर्गिकपणे". छपराचं सगळं पाणी पाइपात गोळा करून शेजाऱ्याच्या भिंतीवर धार सोडायचा हक्क यातून मिळत नाही. दोघांनीही एवढं वाक्य समजून घेतलं तर निम्मे वाद उद्भवणारच नाहीत.

कधी करायचं

रोहिण्या लागायच्या आत, म्हणजे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, पन्हळी, जाळ्या, चेंबर साफ करून घ्या. खणायचं काम उन्हाळ्यात आटपा. तंजावर, चेन्नईकडच्या मराठी मंडळींचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा, त्यांनी हेच सप्टेंबरच्या सुरुवातीला करावं. पावसाळ्यात दर आठवड्याला एक दिवस ठरवून कुंड्यांच्या बश्या, ड्रम, डबकी रिकामी करा. ओलसर कोपरा राहिलाच तर तिथे कर्दळ, केळ, अळू लावा. उतार धुपत असेल तिथे वाळा लावा, त्याची मुळं खोल जातात आणि माती धरतात. वड, पिंपळ, उंबर घराजवळ आणि पाइपांजवळ नकोत.

कामाचा क्रम लक्षात ठेवा: छपराचं पाणी, मग उतार, मग चर, मग खड्डा, शेवटी पंप. स्वस्तापासून महागाकडे. प्रत्येक पायरीनंतर एक पाऊस जाऊ द्या आणि पाहा, पुढच्या पायरीची गरज उरली आहे का. आणि भिंतीची भेग रुंद होत असेल, दारं अडकत असतील, तर माझं ऐकत बसू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलवा.

पुढच्या भागात पाण्याची जमिनीखालची टाकी: ती साफ कशी करायची आणि त्यात गटाराचं पाणी शिरतंय का ते कसं ओळखायचं. तोपर्यंत एक पारदर्शक नळी आणून ठेवा. जय हिंद.